मांत्रिकाला माझं नाव दिल्याबद्दल

मोताळा
६ फेब्रुवारी २०२४

लेखक महोदय,

जय भीम. हे पत्र तुमच्या प्रकाशकाच्या पत्त्यावर टाकतो आहे, कारण तुमचा राहता पत्ता मला माहीत नाही. आमच्या घरात तो एका व्यक्तीला माहीत आहे, पण विचारलं की ती व्यक्ती उठून भांडी घासायला घेते.

मी एक वाचक आहे. 'मांत्रिक इंद्रभान' या तुमच्या मालिकेचे सहाही भाग वाचले. विकत घेतले नाहीत, बुलढाण्याच्या वाचनालयातून आणले. मत कळवणं हा वाचकाचा हक्क आहे आणि मला मतं भरपूर आहेत.

तुमचा हा मांत्रिक पुण्यात एका लाँड्रीच्या वर भाड्याने राहतो, लुनावर फिरतो आणि सोसायटीच्या लिफ्टमधलं भूत, आयटी कंपनीच्या तळघरातला वेताळ असली प्रकरणं सोडवतो. सोडवो बापडा. पण तो दर भागात इतका मार का खातो? बरगड्या मोडल्या की दोन पानांनी पुन्हा पळायला तयार. माणूस आहे की रबर? त्याला एकदा तरी पोटभर जेवू द्या. ती इन्स्पेक्टर बाई आली की तिच्या केसांवर अर्धं पान खर्ची पडतं. बाई खुनाचा तपास करायला आली आहे, तिला तपास करू द्या! आणि पहिल्या भागात तुम्ही ठणकावून सांगता की वाहत्या पाण्यापलीकडे मंत्र चालत नाही. पाचव्या भागात तोच गृहस्थ मुठेच्या पुलावर उभा राहून पलीकडच्या काठावरची चेटकीण पाडतो. हे कसं? नियम मोडायचा असेल तर कारण द्या. मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं आहे, असली चलाखी मी सहावीच्या पोरांची खपवून घेतली नाही.

आणखी एक. हा माणूस एरवी पुणेरी बोलतो, मार बसला की मात्र "काऊन मारता बे" म्हणून वऱ्हाडीत विव्हळतो. पुण्याच्या वाचकाला हसवायला आपली बोली वापरता? लाज वाटली पाहिजे.

आता मुद्द्याचं. पहिल्याच पानावर तुम्ही लिहिलंत, 'इंद्रभान, मूळ राहणार मोताळा, जिल्हा बुलढाणा'. मोताळ्यात साठी उलटलेले, डाव्या भुवईत खोक असलेले, चिडले की चष्मा पुसणारे इंद्रभान किती आहेत? एकच आहे. तो विवेक मंडळातर्फे गावोगाव फिरून, भोंदू लोक लिंबातलं रक्त आणि नारळातली आग कशी काढतात ते लोकांना दाखवत आला. झाडांना ठोकलेले खिळे त्याने स्वतःच्या हाताने उपटले. त्याला तू मांत्रिक केलंस धम्मदीप? बापाला?

तू घर सोडून गेलास तेव्हा या घरात मांत्रिकाला जागा नाही असं मी म्हणालो होतो. आजही तेच म्हणतो. तू त्यावर सूड म्हणून माझंच नाव त्याला चिकटवलंस.

नाव बदल. सातवा भाग येईल तेव्हा त्यात इंद्रभान नको. माझ्याजवळ तेवढीच एक गोष्ट आहे जी मी डाग लागू न देता वापरली. नाहीतर वकील शोधतो.

एक वाचक

ता. क. तुझ्या आईने हे पत्र वाचायला मागितलं. दिलं नाही. तरी म्हणाली, "काऊन एवढे चिडता? पोरानं बापाचंच नाव देल्लं ना, शेजाऱ्याचं तं नाही देल्लं." अशी ही बाई आहे.


मोताळा
२१ एप्रिल २०२४

लेखक महोदय,

तुमच्या प्रकाशकाचं छापील कार्ड मिळालं. 'आपला अभिप्राय आमच्यासाठी अनमोल आहे.' खाली मांजर आणि चंद्राचं चित्र. मी वकिलाची धमकी दिली आणि मला मांजर पाठवता!

शेजारची पूनम कॉलेजात जाते. तिने मोबाइलवर तुमच्या पुस्तकांखालची वाचकांची मतं वाचून दाखवली. माझा समज होता की निदान तिथे कोणी शहाणा भेटेल. एकाने लिहिलंय, 'पहिले दोन भाग सोसा, तिसऱ्यापासून रंगत येते.' अरे, दोन भाग सोसायला ती काय कडू औषधाची बाटली आहे? एक बाई म्हणते की इंद्रभान तिला नवऱ्यापेक्षा जवळचा वाटतो. तुझी आई हे ऐकून इतकी हसली की तिला ठसका लागला. मी पूनमला म्हटलं, लिही, मी सांगतो. तिने माझं मत तिथे टाकलं. त्याखाली एकाने उत्तर दिलं, 'काका, कथा आहे, मजा घ्या.'

मजा कशी घेऊ? मजा इथे होते आहे, माझी. गेल्या गुरुवारी बाजारात लिंबं घेत होतो तर भाजीवाली म्हणते, "मास्तर, दोन मंतरून द्या ना, धंदा बसला हो." एक जण म्हैस हरवली म्हणून दारात येऊन बसला. तुमच्या पुस्तकांचं आता ऐकायचं रूप निघालं आहे म्हणे. जीपवाले, ट्रॅक्टरवाले कानात घालून ऐकतात. पुस्तक वाचणारा निदान चार पानं थांबून विचार करतो. कानात घातलेला मांत्रिक थेट डोक्यात जातो.

म्हणून मी सहाही भाग दुसऱ्यांदा वाचले, यावेळी पेन्सिल घेऊन. सगळ्यात वाईट तिसरा. तक्षकाने दंश केलेल्या मुलीचं विष तुझा मांत्रिक डावा हात वर करून, डोळे मिटून उतरवतो. लिहिलंयस चांगलं, मी नाही म्हणत नाही. मुलीची आई रडते ते मलाही बघवलं नाही. पण तुला माहीत आहे का आपल्याकडे पावसाळ्यात शेतात किती जणांना पान लागतं? साप चावला असं उघड न म्हणता पान लागलं म्हणतात, इतकी भीती असते, आणि दवाखान्याआधी भगताकडे नेतात. तू इथेच वाढलास. तुला नाही कळणार तर कोणाला कळणार?

तो प्रसंग काढून टाक. नाव बदल. या दोन मागण्या आहेत.

तुझी आई फोनवर तुझ्याशी बोलते हे मला ठाऊक आहे. न्हाणीघराचं दार लावून बोलते. मी मुद्दाम विचारलं, काय म्हणतो? "म्हनते, वाचकाचं मत वाचलं." एवढंच? "एवढंच." हे उत्तर झालं?

एक वाचक


मोताळा
१९ ऑगस्ट २०२४

धम्मदीप,

लेखक महोदय वगैरे आज लिहीत नाही. रागाच्या भरात लिहितो आहे, अक्षर लागत नसेल तर आईला फोन करून विचार.

परवा दुपारी घरापुढे जीप थांबली. नळगंगेच्या काठच्या एका खेड्यातली मनकर्णाबाई नावाची म्हातारी उतरली आणि तिच्यामागून तिच्या मुलाने, ज्ञानेश्वरने, आपल्या मुलीला उचलून माझ्या ओट्यावर निजवलं. छकुली तिचं नाव, अकरा वर्षांची. सोयाबीनमध्ये निंदताना घोणस चावली होती. पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सुजून निळा पडत होता.

म्हातारी माझ्या पायांवर पडली. "महाराज, पोरीले पान लागलं. उतरवा हो!"

दवाखाना कुठे आहे? माझ्या घरावरून पुढे दोन वळणांवर! ते लोक दवाखाना टाळून माझ्या दारात थांबले होते, कारण जीपवाल्याने तुझा तिसरा भाग ऐकला होता. "तुमीच ना ते इंद्रभान? मोबाइलात आमी सारं ऐकलं. तक्षकाचं इख उतरवलं तुमी."

मी ओरडलो. मी मांत्रिक नाही, मास्तर आहे, ती पुस्तकं खोटी आहेत, पोरीला उचला आणि दवाखान्यात चला. आणि तो जीपवाला शांतपणे ज्ञानेश्वरला म्हणतो, "थांबा जराशिक. ते पह्यल्यांदा नाहीच म्हनतात."

खरं आहे ना? तुझा नायक दर भागात आधी नाहीच म्हणतो! लोकांनी पाय धरावेत, त्याने झिडकारावं, मग पंधराव्या पानावर त्याला दया यावी. मी जितका ओरडलो तितकी त्यांची खात्री पटत गेली. पाच मिनिटं अशी गेली. मग म्हातारीच रडत म्हणाली, "याइच्या मनात नाही वाटते. चाल रे, मंग भगताकडं चाल." भगत डोंगरापलीकडे, तासाभराच्या वाटेवर. ज्ञानेश्वर पोरीला उचलायला वाकला.

तेव्हा मी चष्मा काढला, डोळे मिटले आणि डावा हात वर केला.

"इथं इख उतरत नाही," मी म्हणालो. "माहं ठाणं दवाखान्यात हाय. तिथं जे बाई सुई टोचते, तिच्या हातात माहा मंत्र हाय. उठा!"

एका क्षणात सगळे जीपमध्ये. तिथल्या तरुण डॉक्टरणीने विषावरचं इंजेक्शन लगेच सुरू केलं, आणि मुलीला रुग्णवाहिकेतून बुलढाण्याला न्यायला सांगितलं. म्हातारी अडून बसली, महाराज आले तरच गाडीत बसू. मी बसलो. गाडी राजूर घाटात लागली आणि म्हातारीने माझा हात घट्ट धरला. "मंत्र थांबवू नका." मला मंत्र कुठून येणार? तोंडाला आलं ते म्हणत गेलो. हायड्रोजन, हेलियम, लिथियम, बेरिलियम, बोरॉन, कार्बन. शेवटपर्यंत गेलो की पुन्हा हायड्रोजनपासून. मी अजिबात घाबरलो नव्हतो.

मुलगी वाचली. आज शुद्धीवर आहे, भात मागते आहे. आणि माझ्या दारात सकाळपासून नारळ येताहेत. मी आयुष्यभर ज्याच्या विरोधात बोललो ते मी केलं, भर दुपारी, स्वतःच्या ओट्यावर, शंभर माणसांदेखत. तुझ्यामुळे. मला हे कोणी करायला लावलं असेल तर तू.

तुझी आई नारळ फोडून शेजारी खोबरं वाटते आहे. "वाया कशाले घालवा?" म्हणते. मी तिच्याशीही बोलत नाही.

इंद्रभान हिवाळे


मोताळा
१५ सप्टेंबर २०२४

धम्मदीप,

आमच्या विवेक मंडळाची बैठक झाली. चंदूकाका, म्हणजे मंडळाचे सचिव चंद्रशेखरराव, ज्यांच्या स्कूटरवर बसून मी निम्मा तालुका पालथा घातला, त्यांनी मला समोर बसवून विचारलं की मंत्र म्हटला हे खरं का. मी म्हटलं, मूलद्रव्यं म्हटली. ते म्हणाले, हात वर केला? केला. डोळे मिटले? मिटले. "मंग आपल्यात अन् भगतात फरक काय राह्यला, इंद्रभान?"

मी म्हटलं, फरक हा की पोरगी जिवंत आहे. ते म्हणाले, भगतही हेच सांगतो.

त्यांचं चूक नाही, म्हणून तर जास्त राग आला. चार लोकांत माफी मागा, नाहीतर मंडळाच्या फलकावरून नाव खाली उतरेल, असं ठरलं. फलकावर सगळ्यात वरचं नाव माझं आहे. ते मी स्वतः रंगवलं होतं.

मग मी त्या खेड्यात गेलो. माफी मागायला नाही, खरं सांगायला. समाजमंदिरापुढे माणसं जमवली. सांगितलं की मी पुटपुटत होतो ती पदार्थांची नावं आहेत, शाळेत भिंतीवर तक्ता टांगलेला असतो तो. सांगितलं की छकुली इंजेक्शनने वाचली, माझ्या हाताने नाही. मांत्रिक पुस्तकातला आहे आणि ते पुस्तक माझ्या मुलाने पुण्यात बसून रचलं आहे. सगळ्यांनी मुकाट ऐकून घेतलं. छकुली पुढे बसली होती, पायाला पट्टी.

मनकर्णाबाई म्हणाली, "हाव ना गुर्जी, इंजेक्शनानंच वाचली. म्या डोयानं पाह्यलं. पन त्या इंजेक्शनापाशी आमाले कोन घेऊन गेलं? डाक्टरीण आली होती का वावरात बलवाले? तुमचं नाव ऐकून आलो, तुमच्या नावानं गेलो."

मी म्हटलं, बाई, ते नाव खोटं आहे.

"खोटं कसं? तुमचंच तं हाय."

मी सभा तिथेच आटोपली. घरी येताना बसमध्ये एका कंडक्टरशी विनाकारण भांडलो.

माफी मागितलेली नाही. फलकावरचं नाव त्यांनी पांढऱ्या रंगाने पुसलं. तुझ्या आईला ते बाजारातून येताना दिसलं. तिने पिशवी खाली ठेवली आणि फक्त म्हणाली, "लय झालं आता. पोराले बलवा." मी म्हटलं, कशाला? त्याने काय करायचं इथे येऊन?

सातव्या भागाचं काय झालं? पूनम म्हणते, दिवाळीला येतोय.

इंद्रभान


मोताळा
८ डिसेंबर २०२४

धम्मदीप,

सातवा भाग मिळाला. यावेळी विकत घेतला, वाचनालयाची वाट बघितली नाही. पहिल्या पानावर मांत्रिकाचं नाव 'रुद्रांश'. मूळ राहणार कुठलाच नाही. मोताळा नाही, बुलढाणा नाही, भुवईतली खोक नाही. वऱ्हाडीचा एक शब्द नाही, मार खातानासुद्धा नाही.

तुझी आई म्हणते, तू तिला फोनवर सांगितलंस की बाबांनी बदलायला लावलं म्हणून बदललं.

मी लावलं म्हणून? अरे, इंजिनिअर हो म्हटलं, ऐकलं नाहीस. मांत्रिकाच्या गोष्टी लिहू नको म्हटलं, ऐकलं नाहीस. रागाच्या भरात जाऊ नको असं आईकरवी सांगितलं, तेही ऐकलं नाहीस. जन्मभरात बापाची एक गोष्ट ऐकायची होती, ती नेमकी हीच?

आता तुझ्या वाचकांची मतं ऐक. पूनमने वाचून दाखवली. 'नवीन नाव मस्त, आता हिरो वाटतो.' 'आधीचं नाव जरा गावठी होतं.' गावठी! माझ्या आजोबांनी ठेवलेलं नाव आहे ते. मी पूनमला त्या माणसाला काय काय लिहायला सांगितलं ते तिने टाइप केलं नाही, म्हणाली, "काका, हे टाकता येत नाही." एकाने मात्र लिहिलंय, 'इंद्रभान कुठे गेला? हा कोणी दुसराच आहे, याच्या मागे धावत जावंसं वाटत नाही.' हा मनुष्य मला भेटला तर मी त्याला चहा पाजेन.

आता नीट ऐक, कारण हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. ऑक्टोबरात त्याच खेड्यात ज्ञानेश्वरला स्वतःला साप चावला, कापूस वेचताना. मनकर्णाबाईने एक मिनिट घालवलं नाही. माझ्या दारातसुद्धा थांबली नाही. पोराला जीपमध्ये घालून थेट दवाखान्यात. जीपवाल्याने विचारलं, भगताकडे जायचं का? ती म्हणाली, "इंद्रभानचा हुकूम हाय, आधी सुई." पुढच्या रविवारी ज्ञानेश्वर स्वतः चालत येऊन मला हे सांगून गेला. त्याने आणलेला नारळ मी परत नेऊ दिला नाही, ठेवून घेतला. का ठेवून घेतला ते मला विचारू नकोस.

आणि तुझा तो रुद्रांश? सातव्या भागात पुन्हा विष उतरवतो! पान एकशे बारा. पुण्याच्या कुठल्याशा गच्चीवरून. काल तोच जीपवाला बसस्टँडवर भेटला. कानात तुझा नवा भाग. मला म्हणतो, "मास्तर, हे रुद्रांश महाराज बसतात कुठं? नंबर भेटन का?"

कळतंय का तुला काय झालंय? मला नको होतं ते नाव लोकांना दवाखान्यात नेत होतं. तू ते काढून घेतलंस आणि तिथे असा एक मांत्रिक ठेवलास ज्याचा कोणी बाप नाही, गाव नाही आणि ज्याच्या ओट्यावर जाऊन कोणी विचारू शकत नाही. माझ्याशी लोक भांडले तरी मी निदान खरं सांगत होतो. याच्याशी कोण भांडणार?

नाव परत घाल. आठव्या भागात मांत्रिक इंद्रभान, मोताळ्याचा. आणि पान लागलेली मुलगी त्याच्या दारात आली की त्याने तिला उचलून दवाखान्यात न्यायचं. हात वर करो, डोळे मिटो, काय वाटेल ते पुटपुटो, पण न्यायचं. चंदूकाका म्हणतील आपण ढोंग विकतो. म्हणू देत, त्यांच्याशी मी बघून घेईन. लोक खोटंच ऐकणार असतील तर त्या खोट्याला मी दवाखान्याच्या दारापर्यंत ओढत नेणार. हे बरोबर आहे की नाही, मला अजून पटलेलं नाही. रोज सकाळी वाटतं चूक आहे.

पण हे तुला पुण्यात बसून लिहिता येणार नाही, नेहमीसारखं चुकीचं लिहिशील. ऑगस्टच्या पत्रात मी अजिबात घाबरलो नाही असं लिहिलं होतं. राजूर घाटातल्या तिसऱ्या वळणावर त्या पोरीने डोळे फिरवले आणि मी सोडियमनंतरचं सगळं विसरलो. साठ मुलांच्या वर्गात कधी न विसरलेला माणूस मी. म्हातारी माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मला काही आठवेना, म्हणून मी तुझं नाव घेत राहिलो. धम्मदीप, धम्मदीप, धम्मदीप, दवाखाना येईपर्यंत. म्हातारीला वाटलं तोच मंत्र.

ये. चार दिवस राहा, ओळीओळीला भांडू. नाही आलास तरी आठवा भाग मी वाचणार आहे आणि मत कळवणार आहे, आणि ते चांगलं नसेल.

मला तुझी फार आठवण येते, आणि त्याचाही मला संताप आहे.

तुझा,
बाबा